चार वाजताचं रक्त

तीस वर्षं मी पुण्यात लोकांचं रक्त काढलं. असं म्हटलं की माणसं खुर्ची जरा मागे घेतात, म्हणून लग्नकार्यात मी नुसतं "लॅबमध्ये होते" म्हणते. मग समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे लघवीबिघवी तपासायचं?" होय, तेही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण अजून मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, हात आठवतात. मंडईत एका बाईंनी मेथीची जुडी घ्यायला हात पुढे केला आणि मी बोलून गेले, "तुमची डाव्या हाताची शीर चांगली आहे, उजव्या हाताला कुणाला टोचू देऊ नका." बाई जुडी तिथेच टाकून निघून गेल्या.

या अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेले संपादक आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांचं कोलेस्टेरॉल मला ठाऊक असल्यामुळे त्यांना नाही म्हणायची मला भीती नव्हती. पण एक गोष्ट बरीच वर्षं माझ्याकडे पडून आहे. ती सांगायची तर आता सांगावी, असं वाटलं.

आमची लॅब पेठेत होती, पहिल्या मजल्यावर. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान, बाजूनं लाकडी जिना. लॅबच्या मालकीणबाई स्वतः पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रक्त तपासून रोग सांगणाऱ्या डॉक्टर. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मी टेक्निशियन: हाताला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त घ्यायचं, ट्यूबवर नाव आणि वेळ लिहायची, आणि साध्या तपासण्या स्वतः करायच्या. साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल हे आमच्याकडेच व्हायचं. हॉर्मोनच्या तपासण्यांचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते नमुने बर्फात घालून मुंबईच्या मोठ्या लॅबला जायचे. त्यामुळे हॉर्मोनशी माझा संबंध बर्फापुरताच होता.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. "उपाशीपोटी या" सांगितलं की काही जण आदल्या दुपारपासून जेवायचे नाहीत आणि इथे येऊन चक्कर यायची. एक बाई दर खेपेला शपथेवर सांगायच्या की पोटात काही नाही, फक्त चहा आणि त्याबरोबर दोन खारी. एका आजोबांनी तर उरलेलं रक्त परत मागितलं होतं. आमचं आहे, आम्ही घेऊन जातो, म्हणाले. मी बरणी आणलीत का विचारलं, तेव्हा उठून चपला घालायला लागले.

सुरेखा अशांतली नव्हती. (नाव मी बदललंय.) चौतीस-पस्तीस वर्षांची, खडकवासल्याच्या अलीकडे राहणारी. नवरा हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा, आणि ही पहाटे उठून तिथल्या होस्टेलवरच्या पोरांसाठी तीस डबे करायची. नवरा जाताना ते बसमधून घेऊन जायचा. दीड वर्षात तिचं वजन भसाभस वाढलं होतं, चेहरा गोल झाला होता, पाळी बिघडली होती, रक्तदाब वर गेला होता. जरा कुठे लागलं की अंगावर निळा डाग. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, डबे करता करता खाते. तिनं ते मला हसत सांगितलं, पण सांगताना पदर पोटावर ओढून घेतला.

कोणीतरी तिला हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यांनी चिठ्ठीवर हॉर्मोनची तपासणी लिहिली होती: कॉर्टिसॉल, सकाळी आठ आणि दुपारी चार. सकाळी आठला तिची शीर मला तीनदा टोचून सापडली. दोन्ही हात निळे झाले. तिनं हूं की चूं केलं नाही. चारला पुन्हा यायचं तर घरी जाऊन येणं परवडणारं नव्हतं, तेव्हा ती आमच्या बाकावरच बसून राहिली, मांडीवर पिशवी घेऊन. दहा वाजता पाहिलं तर बसल्या बसल्या झोपलेली. मी एकला डबा खाऊन आले तरी झोपलेलीच. लोक येत होते, जात होते, लहान मुलं किंचाळत होती. हिची मान भिंतीला टेकलेली आणि तोंड किंचित उघडं. इतकी गाढ झोपलेली मोठी बाई मी त्याआधी कुठे बघितली नव्हती.

चार वाजले. मी सुई घेऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि मला तिला उठवेना.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. रक्त ट्यूबमध्ये थोडा वेळ ठेवलं की गोठतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सिरम म्हणतात. तपासणी त्याची होते. सकाळी मी जरा जास्तच रक्त घेतलं होतं, ते सिरम फ्रिजमध्ये होतं. डॉक्टर दोनदा का मागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. रक्तदाब कसा दोनदा बघतात, एकदा चुकला तर खात्री असावी म्हणून, तसंच काहीतरी असेल अशी माझी समजूत. तेच रक्त, तीच बाई, आठ तासांत काय मोठा फरक पडणार आहे? मी उरलेलं सिरम दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, वर "दुपारी ४" लिहिलं आणि दोन्ही ट्यूब बर्फात ठेवल्या.

साडेचारला तिला हलवून उठवलं. "झालं, जा आता घरी."

ती दचकली. "टोचलंत कधी?"

"कळलं तरी का?" मी म्हटलं.

"काय हलका हात हाय ताई तुमचा," ती म्हणाली आणि डोळे चोळत जिना उतरली. त्या संध्याकाळी मला फार छान वाटलं होतं. एका दमलेल्या बाईवर आपण उपकार केले, असं वाटत मी घरी गेले आणि पिठलं-भात केला.

तीन-एक आठवड्यांनी आमच्याकडे देवस्थळी नावाचे निवृत्त गृहस्थ भांडायला आले. हातात दोन कागद. त्यांच्या रक्तातलं लोह एकदा सकाळी नऊला तपासलं होतं आणि पुन्हा एकदा, खात्री करायला म्हणून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आकड्यांत बरीच तफावत होती.

"लोह म्हणजे काय कांद्याचा भाव आहे, सकाळ-संध्याकाळ बदलायला?" त्यांनी विचारलं. "तुमचं यंत्र बिघडलंय, नाहीतर तुम्ही."

मॅडम बाहेर आल्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे त्या बोलल्या की जास्त लागायचं. "देवस्थळी, आपण सकाळी सहाला जसे असता तसेच दुपारी जेवणानंतर असता का?"

"मी दुपारी झोपतो."

"मग रक्तानं का झोपू नये?"

देवस्थळी जायला वळले, पण मॅडमनी त्यांना बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. मी मागे ट्यूब धूत उभी होते. शरीर दिवसभर एकसारखं नसतं, त्या म्हणाल्या. लोह सकाळी जास्त, संध्याकाळी उतरतं. थायरॉइडला चालवणारा एक हॉर्मोन रात्री चढतो. काही एन्झाइमं हार्ट ॲटॅकनंतर काही तासांनी वर जातात आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा जागेवर येतात. आमच्याकडेच एक गृहस्थ मुलीचा साखरपुडा आटपून सोमवारी आले होते, छातीत शुक्रवारी दुखलेलं, आणि कागदावर आकडे जवळजवळ ठीकठाक. मॅडमनी "दुखलं कधी?" विचारलं नसतं तर ते तसेच घरी गेले असते. "नुसता आकडा काही सांगत नाही हो," मॅडम म्हणाल्या, "कधीचा आकडा, ते कळायला हवं. आजारात पुष्कळदा आधी हा रोजचा चढउतार बिघडतो."

देवस्थळींचं समाधान झालं, निदान ते उठले तरी. मी हात पुसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, मग ते कॉर्टिसॉल दोनदा मागवतात, ते कशाला?"

"उतरतंय का बघायला. पहाटे ते चढतं, म्हणून तर आपण उठतो. सकाळी आठच्या सुमाराला भरपूर असतं, संध्याकाळपर्यंत निम्म्यावर किंवा त्याहून खाली. एका आजारात ते उतरतच नाही. खरं तर रात्री बघायला हवं, पण रात्री जिना चढून कोण येणार आपल्याकडे, म्हणून डॉक्टर चार लिहितात. सकाळी अठरा आणि दुपारीही अठरा आलं, की डॉक्टर डोक्यातली ग्रंथी तपासायला घेतात."

मी स्टुलावर बसले. मॅडमना वाटलं मला दुपारचं ऊन बाधलं, त्यांनी पाणी दिलं.

रजिस्टर मी त्या बाहेर गेल्यावर उघडलं. सुरेखा: सकाळी ८, अठरा पूर्णांक दोन. दुपारी ४, सतरा पूर्णांक नऊ. सारखे असणारच, एकाच ट्यूबमधले होते. मी एका बाईचा दिवस पुसून टाकला होता आणि त्या जागी सकाळ दोनदा लिहिली होती.

त्याच वेळी मॅडमना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दोन दिवस गप्प राहिले. नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती, मुलगी बारावीला होती, आणि नमुन्यावर खोटी वेळ लिहिणाऱ्या टेक्निशियनला पुण्यात दुसरी लॅब दारात उभं करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ही कारणं खरी आहेत. तरी त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी रजिस्टरमधला नंबर लावून सुरेखाला फोन केला, सहज चौकशी करतेय अशा आवाजात. ती खुशीत होती. "ताई, बरं झालं फोन केलात. निघालं ना ते! डोक्यात मटाराएवढी पण नाही, त्याहून बारकी गाठ दिसली फोटोत. नाकातून ऑपरेशन करतात म्हणे. पुढच्या गुरुवारी." मग तिनं आवाज खाली आणला. "आता घरात कोणी बोलत नाही मला. सासूबाई म्हणतात, पोरगी आजारी होती आणि आपण तिला खादाड म्हणत होतो."

फोन ठेवला आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. झोपली होती, उठवावंसं वाटलं नाही, हेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला दया आली," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिची आली की तुझी? सकाळी तीनदा टोचल्यावर कुठे शीर मिळाली होती, दुपारी पुन्हा मिळेल याची खात्री होती का तुला?"

मी याचा विचारच केला नव्हता. आज लिहिताना म्हणते, त्यांचं निम्मं बरोबर होतं. मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, ते दोन आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इतके सारखे आकडे मलाही खटकायला हवे होते. मी न बघता सही केली. चल, आता रडू नकोस, फोन लाव डॉक्टरांना. मी बोलते."

हॉर्मोनचे डॉक्टर फोनवर काय बोलले ते मॅडमनी मला कधी सांगितलं नाही, पण त्या पाच मिनिटं नुसतं "हो" आणि "बरोबर आहे" म्हणत होत्या. मॅडमना कोणापुढे असं ऐकून घेताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ऑपरेशनचा निर्णय बराचसा आमच्या कागदावर उभा होता. गोळी देऊन करतात ती दुसरी तपासणी काठावर आली होती, आणि तसली बारकी गाठ पुष्कळ धडधाकट माणसांच्या डोक्यातही असते, जन्मभर काही करत नाही. डॉक्टरांनी तीन दिवस सकाळ-दुपारचे नमुने पुन्हा मागवले. दोन वेळचे, खरे.

ते घ्यायला मी स्वतः तिच्या घरी गेले, तिन्ही दिवस. पहिल्याच दिवशी सुरेखाला सांगितलं की त्या दिवशी चारला मी टोचलंच नव्हतं. तिला रागच आला नाही. "मग मला झोपू दिलंत की," एवढंच म्हणाली. या खेपेला मी तिचा हात गरम पाण्यात बुडवून घेतला, घाई केली नाही, आणि सहाही वेळा पहिल्या झटक्यात शीर मिळाली. चार म्हणजे चार. पंधरा मिनिटं आधी पोचले तर अंगणात थांबायचे.

निकाल आले. सकाळी सतरा-अठरा, दुपारी सहा-सात. तिन्ही दिवस, अगदी शहाण्यासारखे उतरलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. तो आजार नव्हता. वजन होतं, रक्तदाब होता, थायरॉइड थोडं बिघडलेलं होतं, त्याची गोळी सुरू झाली, आणि गाठीचा फोटो वर्षानं पुन्हा काढायचा ठरलं. बाकी, डॉक्टर म्हणाले, ही बाई प्रचंड थकलेली आहे.

मॅडम म्हणाल्या, "घरी जाऊन तूच सांग. ते काम तुझं आहे." नोकरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी गेले. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर कणकेची मोठी परात. सासूबाई पासष्टीच्या पुढच्या, गुडघे धरून उठणाऱ्या. तीन आठवडे डबे त्याच करत होत्या. मी सांगितलं, ऑपरेशन नाही, गाठीची काळजी नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, माझ्या हातावर साखर ठेवली. "सुटलो बाई. जिवावरचं टळलं." मग दम खाऊन सुनेकडे वळल्या. "मग उद्यापासनं डबे तू बघशील ना? माझ्या गुडघ्यांत आता जीव नाय राहिला." रागानं नव्हत्या बोलल्या. खरंच नव्हता राहिला.

सुरेखा "हो" म्हणाली आणि मला सोडायला बसथांब्यापर्यंत आली. मी वाटेत माफी मागायची म्हणून मनात वाक्य जुळवत होते. तीच आधी बोलली.

"ताई, राग मानू नका. एक बोलू?"

"बोल."

"त्या दुसऱ्या ट्यूबवर आधीचाच आकडा राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"अगं, डोक्याचं ऑपरेशन झालं असतं तुझं. उगीचच."

"झालं असतं की," ती म्हणाली. "पण महिनाभर पडून राहायला मिळालं असतं. कोण उठवणार होतं मला?"

तिच्या शिव्या खायची माझी तयारी होती, हे ऐकायची नव्हती. बस आली, मी हात केला नाही. दुसरी आली, तीही गेली. कंडक्टर काहीतरी खोचक बोलला. मी सुरेखाचा हात धरला आणि तिला घेऊन परत घरी गेले.

पुढे जे केलं ते मॅडमना मी कधीच सांगितलं नाही. हा अंक त्यांच्याकडे जातो, तेव्हा आता वाचतील.

"आई," मी सासूबाईंना म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. महिनाभर हिला पूर्ण विश्रांती. उभं राहायचं काम नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. सुरेखा खाली फरशीकडे बघत होती.

"डॉक्टर बोलले?"

"हो."

"मग तसं लिहून द्या."

पर्समध्ये लॅबचं पाकीट होतं. त्याच्या मागच्या बाजूला मी लिहिलं: एक महिना विश्रांती. खाली कोणाचं नाव घालावं ते कळेना. खोटी सही करणं जमलं नाही, म्हणून मी माझंच नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.

सासूबाईंना वाचता येत होतं. त्यांनी ते पाकीट खिडकीच्या उजेडात धरून सावकाश वाचलं, खालचं नावही वाचलं. पाकिटाची घडी घातली आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागे नीट खोचून ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ओट्याशी गेल्या आणि परात पुढे ओढली.

"पडून राहा तू," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तीसच्या जागी पंधरा डबे करू महिनाभर. पोरं काय उपाशी मरत नाहीत."